घटिकापात्र ते मोबाइल: बोर्ली पंचतनच्या किनाऱ्यावरचे घरगुती पदार्थविज्ञान

तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक छिद्र पाडायचे, ती घंगाळातल्या पाण्यावर अलगद सोडायची आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असे धरायचे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले हे घटिकापात्र म्हणजे कमी खर्चातल्या भौतिकशास्त्राचा फार जुना नमुना. सूर्यसिद्धांतात त्याचे वर्णन आहे आणि त्याची कसोटीही दिली आहे: पात्र दिवस-रात्र मिळून साठ वेळा बुडले पाहिजे. म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. श्रीवर्धन तालुक्यातले बोर्ली पंचतन, शेजारचे दिवेआगर आणि एकूणच रायगडचा दक्षिण किनारा हा नारळ-सुपारीच्या वाड्यांचा, खाड्यांचा आणि मासेमारीचा मुलूख. इथे वेळ, सावली, वारा आणि पाणी यांची मोजदाद ही रोजच्या गरजेची गोष्ट होती. शाळेत प्रयोगशाळा येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर मोजणे चालू होते, आणि आज ज्यांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रयोग म्हणतात त्यांची मुळे त्या मोजण्यात आहेत.

घटिकापात्राची रचना दिसते तितकी साधी नाही. भोक पडलेल्या माठातून पाणी गळू लागले की आतली पातळी खाली जाते, दाब घटतो आणि धार मंदावते. असा माठ वेळ मोजायला गैरसोयीचा. तरंगणाऱ्या वाटीचे तसे होत नाही. वाटी तरंगत राहण्यासाठी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीत जो फरक लागतो, तो वाटीच्या वजनावर ठरतो. सरळ बाजूंच्या पातळ भांड्यात हा फरक शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून पाणी एकसारख्या वेगाने आत येते. ज्याने हे यंत्र प्रथम घडवले त्याने आर्किमिडीजचे तत्त्व आणि द्रवाच्या प्रवाहाचा नियम एकाच वाटीत बसवले. घरातल्या स्टीलच्या वाटीला मिलिमीटरभर छिद्र पाडले तर ती साधारण पाच-दहा मिनिटांत बुडते. छिद्राचा व्यास दुप्पट केला की वेळ सुमारे एक चतुर्थांशावर येतो. वाटीत एखादे नाणे टाकून वजन वाढवले की ती आणखी लवकर बुडते. छिद्र, वजन आणि वेळ यांचा तक्ता मांडला की प्रयोग पुरा होतो, आणि त्याला वाटी, खिळा व घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला घटकेइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची. त्यासाठी कोकणात तोंडी हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. ना पुस्तक, ना यंत्र. पंचांगातली तिथी आणि मनातला गुणाकार एवढ्यावर होडी खाडीबाहेर काढायची. हा नियम तपासून पाहण्याजोगा आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकून पुन्हा मूळ जागी येते, म्हणजे दर तिथीला ती ४८ मिनिटांनी पुढे गेली पाहिजे. पाऊणपटीचा हिशेब ४५ मिनिटेच देतो. पक्षाच्या अखेरीस हा तीन-तीन मिनिटांचा फरक साठून पाऊण तास होतो. होडीच्या कामाला एवढी चूक चालते आणि पाऊणपट मनात काढायला सोपी, म्हणून नियम टिकला. एका बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारून तो धक्क्याजवळ रोवला आणि महिनाभर नोंदी ठेवल्या, तर हा फरक विद्यार्थ्याच्या वहीत उतरतो. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांच्या उंचीतला फरक दिसतो, आणि एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात हेही कळते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची यांत्रिक नोंद ठेवली गेली आहे. तिचा गाभाही तोच: स्थिर खूण आणि न चुकता केलेली नोंद.

सूर्यापासून मिळणारे प्रयोग याहून स्वस्त. बोर्ली पंचतनचे अक्षांश १८ अंशांच्या किंचित वर आहेत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो: मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर. दुसरी तारीख बहुधा पावसाच्या ढगांत जाते, पण मेमधला दिवस मिळतो. त्या दिवशी मध्यान्ही ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. भारतीय ज्योतिषात शंकू म्हणून ओळखली जाणारी ही काठी दिशा, मध्यान्ह आणि अक्षांश अशी तीन मापे देते. सकाळी आणि दुपारनंतर सावली सारख्याच लांबीची होईल त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. होकायंत्राची गरज पडत नाही.

सुपारीच्या वाडीतली सावली तर तयार प्रयोगशाळाच. दाट झापांमधल्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसे वेड्यावाकड्या फटींच्या आकाराचे नसतात, गोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. सूर्याचा व्यास त्याच्या अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतका आहे, तेव्हा अकरा मीटर उंचीवरच्या फटीतून पडलेला कवडसा साधारण दहा सेंटिमीटरचा भरतो. फीत घेऊन दोन्ही अंतरे मोजली की सूर्यबिंबाचा हा गुणोत्तरांक वाडीत उभे राहून काढता येतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहणाची कंकणाकृती अवस्था दक्षिण भारतात दिसली, रायगड किनाऱ्यावर ते खंडग्रास होते. अशा ग्रहणात झाडाखालचा प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा होतो. सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक. जमिनीकडे पाहून ग्रहण टिपणे हा सुरक्षित मार्ग, आणि तो फुकट आहे.

आधुनिक भौतिकशास्त्र या जिल्ह्यात शाळेतून आले नाही, वेधशाळेतून आले, आणि तिची सुरुवात शेजारच्या मुंबईत झाली. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तिथे निरीक्षक म्हणून काम करत होते. पुढे छत्रे गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले, डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांचे गुरू ठरले, १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली आणि मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. मराठीत पदार्थविज्ञान लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतला हा माणूस रायगडच्या किनाऱ्यावरचा होता आणि त्याची जडणघडण रात्रंदिवस आकडे टिपण्यात झाली होती, ही गोष्ट या इतिहासात ठळकपणे सांगितली पाहिजे.

त्या वेधशाळेतले मुख्य साधन तत्त्वतः फार साधे होते: धाग्याला टांगलेले चुंबक, त्याच्यावर बसवलेला आरसा आणि दुरून त्या आरशात पट्टी वाचणारी दुर्बीण. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून उठलेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून वहीत लिहिलेल्या आकड्यांत क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते. जवळजवळ दीडशे वर्षांनंतर संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता ठरवली ती याच नोंदींच्या आधारे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने संवेदनशील मोजमापे बिघडणार होती, म्हणून १८९६ पासून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक असलेल्या नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलवला. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जागा बदलली तरी मालिका तुटू नये. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तेव्हा चुंबके खाडीपल्याड सुरक्षित होती.

बोर्ली पंचतन अलिबागच्या दक्षिणेला, सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आसपास. अलिबागच्या यंत्राचा धाकटा भाऊ इथल्या कोणत्याही माजघरात बनतो. काचेच्या बरणीत बारीक रेशमी धाग्याला छोटे पट्टीचुंबक टांगायचे, त्याला आरशाचा तुकडा चिकटवायचा, वाऱ्यापासून बचाव म्हणून झाकण घट्ट लावायचे आणि लेसर पॉइंटरचा किरण आरशावरून पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडायचा. चुंबक जेवढे वळते त्याच्या दुप्पट किरण वळतो. पूर्व-पश्चिम दिशेने शंभर नॅनोटेस्लांचा बदल झाला तर भिंतीवरचा ठिपका अडीच सेंटिमीटर सरकतो. शांत दिवशीही सकाळ-दुपारच्या दरम्यान तो काही मिलिमीटर हलतो आणि परत येतो, कारण वातावरणाच्या वरच्या थरात सूर्यामुळे वाहणारे विद्युतप्रवाह रोज तसे बदल घडवतात. दाराशी मोटारसायकल उभी केली तरी ठिपका उडी मारतो. मूस यांना लोखंड आणि ट्राम का नको होते हे त्या एका उडीत समजते. लेसरचा किरण मात्र कोणाच्या डोळ्यांत जाता कामा नये.

शाळांचा इतिहास इतका समृद्ध नाही. श्रीवर्धनचा हा भाग सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले, आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ब्रिटिश अमदानीत प्रयोगाची उपकरणे म्हणजे विलायतेतून येणारी पितळ-काचेची सामग्री, ती कॉलेजांनाही जपून वापरावी लागे. खेड्यातल्या शाळेत पदार्थविज्ञान फळ्यावरच्या आकृतीतून शिकवले जाई आणि पाठ केले जाई. उपकरण नाही म्हणून प्रयोग नाही, ही समजूत त्या काळात रुजली आणि फार काळ टिकली.

ती समजूत मोडण्याची सुरुवात दूरच्या एका संकटातून झाली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांत शाळा पुन्हा उभ्या करायच्या होत्या आणि उपकरणे नव्हती. युनेस्कोने १९४८ मध्ये जे. पी. स्टीफन्सन यांच्याकडून अशा देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार करून घेतली. डबे, बाटल्या, तारा आणि लाकूड यांतून उपकरणे बनवण्याची ती कृतिपुस्तिका होती. तिच्यातूनच १९५६ मध्ये युनेस्कोचा प्रसिद्ध विज्ञानशिक्षण स्रोतग्रंथ आकाराला आला आणि जगभर गेला.

महाराष्ट्रात गरज तीव्र झाली ती १९७०च्या दशकात. कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार दहा वर्षांचा शालेय अभ्यासक्रम आला आणि गणित-विज्ञान सगळ्यांनाच शिकणे भाग पडले. नव्या पद्धतीची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. एका फटक्यात खेड्यापाड्यांतल्या हजारो वर्गांना विज्ञान शिकवायचे होते, प्रयोगशाळा मात्र शहरांतच होत्या. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान पोहोचवत होतीच. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, आणि प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याने आपले पहिले मोठे ग्रामीण काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात उभे केले. शिक्षकांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून प्रयोग करावेत आणि मुलांच्या बोलीतल्या सोप्या मराठीत विज्ञान मांडावे, हा त्या प्रकल्पाचा भर होता. महाराष्ट्रातल्या कमी खर्चाच्या प्रयोगांना शिस्त मिळाली ती इथून.

खिरोदा आणि बोर्ली पंचतन यांना जोडणारा एक प्रयोग करता येतो आणि तो सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसचा आहे. दोन गावांच्या अक्षांशांत तीन अंशांचा फरक, दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३३८ किलोमीटर. बोर्लीत ज्या दिवशी काठीची सावली नाहीशी होते, त्या दिवशी मध्यान्ही खिरोद्यात एक मीटर काठीची सावली साधारण ५.३ सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन निघतो ३.०५ अंश, आणि ३६० अंशांना पृथ्वीचा परीघ ३९,९०० किलोमीटरच्या आसपास येतो. खरी अडचण सावलीच्या कडेची. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर धूसर असते. मध्य कुठे धरायचा यावर उत्तर हजारो किलोमीटरांनी हलते. काठीच्या टोकाला बारीक भोकाचा पत्रा लावून सावलीऐवजी सूर्याची प्रतिमा पाडली आणि तिचा मध्य धरला की ही चूक बरीच आवरते. दोन शाळांना दोन काठ्या आणि एक फोन पुरतो.

१९७०च्या त्याच दशकात शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. तो २००२ पर्यंत चालला. १९७८ मध्ये पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीत आगकाड्या खोचून त्यांनी त्रिकोण, घन आणि रेणूंचे सांगाडे बनवले. त्यावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९८७ मध्ये आले, पुढे मराठीसह अनेक भाषांत त्यांच्या पुस्तकांची भाषांतरे झाली. जयंत नारळीकर यांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलसंस्थेत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून ‘पुलस्त्य’ ही वास्तू आणि तिच्यातली मुक्तांगण विज्ञान शोधिका साकारली. गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या खेळण्यांतली विजेची मोटर महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत पोहोचली. एक सेल, रबर बँड, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लाखेचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढेच साहित्य. खुबी आहे लेप खरवडण्यात. तारेच्या एका टोकाचा लेप पूर्ण काढायचा, दुसऱ्या टोकाचा अर्ध्याच बाजूने. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढे आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे ढकल बसते आणि ते थरथरत राहते. अर्धा लेप ठेवला की उलटी ढकल बसण्याच्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळे स्वतःच्या गतीने ती अर्धी फेरी पार करते. कारखान्यातल्या मोटरीत जे काम दिक्‌परिवर्तक करतो ते इथे ब्लेडच्या एका खरवडीने साधते.

कोळीवाड्यात सहज मिळणाऱ्या दोन वस्तूंत गुरुत्वाकर्षण मोजता येते: तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन धागा, आणि जाळ्याचे शिसे. आधाराच्या बिंदूपासून शिशाच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर भरतील असे शिसे तंगुसाला बांधून थोडेसे झुलवले तर पन्नास आंदोलनांना १०० सेकंद लागतात. एकच आंदोलन मोजले तर बोटाच्या चुकीने निकाल वाया जातो, पन्नास मोजली की ती चूक पन्नास भागांत वाटली जाते. हिशेबातून ९.८ च्या किंचित खालचा आकडा येतो, आणि या अक्षांशावर तो तसाच यायला हवा. सुती दोऱ्याची लांबी दमट हवेत बदलते, तंगुसाची फारशी बदलत नाही. किनाऱ्यावरच्या शाळेला हा फरक उपयोगाचा.

स्वस्त साहित्याची प्रतिष्ठा किती वाढली याचा दाखला जुलै २०१५ मध्ये मिळाला. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड त्या वर्षी मुंबईत होमी भाभा केंद्राने भरवले. जगातल्या निवडक विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी दिलेल्या दोन प्रश्नांपैकी एकात स्प्रिंगवरून लेसरचे विवर्तन पाहायचे होते, म्हणजे डीएनएची रचना ज्या तऱ्हेने उलगडली तिची प्रतिकृती. दुसऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक तरंगांवरून लेसर परावर्तित करून पृष्ठताण काढायचा होता. घरी याच जातीचा प्रयोग जुन्या सीडीवर होतो. सीडीवरच्या दोन रेघांतले अंतर १.६ मायक्रोमीटर असते. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरचा किरण सीडीवर सरळ पाडला तर पहिला ठिपका सुमारे २४ अंशांवर, म्हणजे मीटरभर अंतरावरच्या पडद्यावर मधल्या ठिपक्यापासून ४४ सेंटिमीटरवर उमटतो. पट्टीने मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढता येते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान.

घरी मोजण्याजोगी आणखी एक राशी म्हणजे हवेचा दाब. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याच्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कलच्या आसपास होता, नेहमीपेक्षा सुमारे वीस हेक्टोपास्कल कमी. एवढी घट दाखवणारा वायुभारमापक बाटलीत होतो. मोठ्या काचेच्या बाटलीत तळाशी रंगीत पाणी, घट्ट झाकणातून पाण्यात बुडालेली बारीक पारदर्शक नळी, आणि झाकणाच्या फटी मेणाने बंद. बाहेरचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की आतली कोंडलेली हवा नळीतले पाणी जवळपास एक सेंटिमीटर वर ढकलते. निसर्गसारख्या वादळाच्या केंद्राखाली हे पाणी वीतभर चढेल. पण कोंडलेली हवा तापली तरी पाणी चढते, एका अंशाला तीन सेंटिमीटरांहून जास्त. म्हणून बाटली पाण्याने भरलेल्या मोठ्या माठात बुडवून ठेवायची आणि प्रत्येक नोंदीबरोबर तापमान लिहायचे. अनेक मोबाइलमध्ये आता दाबमापक असतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेल्या ‘फायफॉक्स’ या मोफत अॅपमधून त्याचे आकडे वाचता येतात. बाटलीची पट्टी आखायला त्याचा चांगला उपयोग होतो: फोन आणि बाटली शेजारी ठेवून आठवडाभर दोन्हींच्या नोंदी घ्यायच्या, किंवा दोन्ही घेऊन गावामागचा डोंगर चढायचा. दर साडेआठ मीटर चढीला दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो.